अकरा ढोल्यांची यादी

६ एप्रिल १९९४

तिखोन,

पाकीट बघूनच फाडू नकोस. पहिलं पान वाच, मग काय करायचं ते कर. तीन वर्षांत हे माझं सातवं पत्र. आधीच्या सहांचं तू काय केलंस ते मी विचारत नाही. पोस्टातली ग्लाफिरा मात्र विचारते, आणि तेही रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं: "अगाफ्याबाई, तुमचा भाऊ लिहायला विसरलाय की वाचायला, एकदा कळवा म्हणावं. रोज थैली उलटी करून माझे हात दुखले."

परवा नदीवरचा बर्फ फुटला. सोइगू आधी, मग खाली मोठी नदी, बिकीन. काल सकाळी बर्फाच्या लाद्यांमध्ये पाण्याची एक काळी पट्टी उघडी पडली होती, आणि तिच्यात खवल्या बदकांची पहिली जोडी. नर पुढे, मागे उडालेला तुरा, शेंदरी चोच. मादी तपकिरी डोक्याची, दोन हात मागे. डोकं पाण्यात बुडवून आधी तळ बघायचा, मग बुडी मारायची, हे काम दोघं आळीपाळीने करत होती. एक खाली गेलं की दुसरं वर पहारा. मी शाळेची घंटा द्यायला विसरले.

तू सहा वर्षांचा असताना बाबांना विचारलं होतंस, "याच्या कुशीवर माशासारखी खवलं का?" बाबा म्हणाले, "मासे खाऊन खाऊन." तू म्हणालास, "मग मला का नाही आली?" तर म्हणे, "तू काटे थुंकतोस. तो अख्खा मासा गिळतो, डोक्यापासून." त्यानंतर दोन दिवस तू काटे थुंकले नाहीस, आणि शेवटी आईने तुझ्या घशात बोट घालून काटा काढला.

आता कामाचं. तुमची लाकूडतोडीची टोळी या उन्हाळ्यात सोइगूवर येणार असं ऐकते. येऊ देत. हात हलवत परत जाल, एवढं आत्ताच सांगून ठेवते. मी जिल्ह्याच्या कचेरीत एक यादी दिली आहे. खवल्या बदकांच्या घरट्यांची अकरा झाडं, गावापासून वरच्या धारेपर्यंत. प्रत्येकाला नंबर. जागा, जात, बुंध्याचा घेर, ढोली किती उंच, आत किती खोल. सेहेचाळिसाव्या वर्षी शिडी लावून चढले आणि प्रत्येक ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला. असा कागद या जिल्ह्यात आजवर कोणी दिला नसेल. एकदा झाडांवर सरकारी संरक्षण बसलं की तुमच्या मुकादमाने नुसतं काठावर बसून मासे धरावेत.

बाबा बरे आहेत. हल्ली कमी बोलतात. वयाने कान गेले असतील.

तू रागावून गेलास ते मला कळतं. पण तीन वर्षं म्हणजे फार झालं.

तुझी ताई
अगाफ्या

३० एप्रिल

तिखोन,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी बोलते, तू ऐक. लहानपणापासून आपलं तसंच चाललंय.

माद्या ढोल्यांत बसायला लागल्या. सात नंबरच्या एल्मच्या झाडातली मी स्वतः पाहिली. पहाटे वाऱ्यासारखी येते, वेग जराही कमी न करता भोकात शिरते. आपण असतो तर बुंध्यावर आपटून मेलो असतो. आत गेली की छातीची पिसं उपटून अंड्यांखाली घालते. नर आता चार-सहा दिवस पाण्यावर घुटमळेल आणि मग निघून जाईल. पुढचं सगळं तिचं एकटीचं. बत्तीस-तेहेतीस दिवस. दिवसातून एकदा-दोनदा नदीवर उतरायचं, घाईघाईने चार मासे गिळायचे, की परत अंधारात.

कचेरीतून दोघेजण तपासणीला आले होते. एक तरुण, सारखा डास मारणारा. दुसरा चष्मेवाला साहेब, सभ्य माणूस. मी त्यांना अकराही झाडं दाखवली. साहेब प्रत्येक बुंध्यावर कुऱ्हाडीचा दांडा ठोकायचे, कान लावायचे आणि वहीत टिपायचे.

"बाई, सगळी पोकळ आहेत?"

"सगळी. एकही भरीव नाही. भरीव झाड बदकाच्या काय कामाचं?"

"खात्री आहे?"

"खात्री? साहेब, हा हात बघा. अकरा झाडांच्या पोटात जाऊन आलाय."

ते हसले. म्हणाले, "आमच्या माणसांनी असं काम केलं असतं तर मी त्यांना बढती दिली असती." संध्याकाळी गावच्या क्लबमध्ये सभा झाली. मी पाऊण तास बोलले. म्हटलं, या नदीचं पाणी ज्या दिवशी या पक्ष्याला आत मासा दिसू देणार नाही, त्या दिवशी ते आपल्यालाही प्यायला उरणार नाही. म्हटलं, जगात हा पक्षी मूठभर उरलाय आणि त्या मुठीची बोटं आपल्या काठावर आहेत. टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या.

बाबा सभेला आले नाहीत.

मागच्या पत्रात लिहिलं की त्यांचे कान गेलेत. ते खोटं. यादी दिल्यापासून ते माझ्या टेबलाला जेवत नाहीत. आपला वाडगा घेऊन चुलीपाशी बसतात, पहिला घास विस्तवाला देतात आणि माझ्याकडे पाठ करून खातात.

ही झाडं त्यांनी मला कशी दाखवली ते तुला ठाऊक आहे, तुलाही तशीच दाखवली होती. तीन वसंत मी त्यांच्या मागे हिंडले. एक शब्द नाही, बोट दाखवणं नाही. जिथे घरटं तिथे ते थांबायचे, झाडाकडे पाठ करायचे आणि तंबाखू काढायचे. आपण समजायचं. एकदा मी विचारलं, "बाबा, हेच ना?" तर त्यांनी तंबाखू न ओढताच परत ठेवला आणि घरी निघाले. आपल्यात जिवंत प्राण्याचा ठिकाणा तोंडाने सांगत नाहीत. का, ते मी शाळेत चाळीस मुलांना समजावते: जुन्या शिकाऱ्यांची समजूत, जंगलाला कान असतात वगैरे. आणि घरी येऊन मी त्या समजुतीवर अकरा नंबर टाकले, सुवाच्य अक्षरात.

पण तूच सांग, न बोलून काय वाचलं आजपर्यंत? खालच्या दरीतले लोक काय कमी गप्प होते? तिथे आता बुंधे आहेत. गप्प राहिलेल्या माणसाचं जंगल आधी जातं. हे मी सभेत म्हटलं होतं, तुझ्या वेळीही. तुझ्या वेळी जरा कडक शब्द गेला, हे मान्य.

अगाफ्या

१४ मे

तिखोन,

कागद आला. मी तो चारदा वाचला, मग शाळेतल्या इतिहासाच्या मास्तरांना वाचायला दिला, मला वाटलं माझीच काही चूक होतेय.

"सोइगू नदीच्या काठावरील रोगट, पोकळ व वयोवृद्ध झाडांची स्वच्छता तोड. सोबत यादी जोडली आहे."

सोबतची यादी माझी आहे. त्यांनी ती टाइपसुद्धा केली नाही. माझ्याच अक्षरात, माझ्या सहीसकट जोडली, वर गोल शिक्का मारला.

काठावरचं निरोगी झाड तोडायला बंदी आहे, हे मला ठाऊक होतं. रोगट झाड तोडायला परवानगी आहे, हेही मी वाचलं होतं, त्याच पानावर. पण तिखोन, पोकळ झाड म्हणजे रोगट झाड हे माझ्या डोक्यातच आलं नाही! आपल्यापैकी कोणाच्या आलं असतं? ढोली म्हणजे घर. बदकाचं, घुबडाचं, मधमाश्यांचं, हिवाळ्यात अस्वलाचं. रिकाम्या घराला कोणी आजार म्हणतं का? आणि ही घरं तर भरलेली. मी त्या माणसाला पुन्हा पुन्हा सांगत राहिले, पोकळ आहे, अगदी पोकळ आहे, हात घालून बघा. फिर्यादी मी, साक्षीदार मी, आणि ज्यांची बाजू मांडायला गेले त्यांनाच फासावर चढवून आले. वर टाळ्या घेतल्या.

कचेरीत फोन लावला. चष्मेवाले साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या कामाचं कौतुकच आहे. पण नियम नियम असतो. बदकं दुसरं झाड बघतील." मी म्हटलं, तुम्ही दुसरं घर बघाल का, बायको बाळंतीण असताना? त्यांनी फोन ठेवला.

आता मी मागते आहे. मी कधी काही मागितलेलं तुला आठवतं का? टोळीत करवत तुझ्या हाती असते, सगळे सांगतात. झाडं वाचव असं म्हणत नाही. फक्त तीन आठवडे. करवतीची साखळी तुटू दे, पेट्रोलमध्ये पाणी जाऊ दे, तुला ताप येऊ दे. अंडी जूनच्या सुरुवातीला फुटतील. पिल्लू एक दिवसाचं झालं की आई खाली पाण्यावर जाऊन हाका मारते आणि ती वरून उड्या टाकतात. पंधरा हातांवरून, कापसाच्या बोंडासारखी, पाल्यापाचोळ्यात आपटून उठतात आणि नदीकडे धावतात. तेवढं होऊ दे. मग तोडा.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

ताई

३ जून

तिखोन,

त्या दिवशी सोइगूच्या काठावर तू मला पाहिलंस, मी तुला पाहिलं, आणि तरी पुन्हा पत्रच लिहिते आहे. समोर तुझ्याशी बोलायला मला जमलं नाही. मला!

माझ्या चौदा तारखेच्या पत्राबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. मिळालं होतं की नव्हतं? मिळालं असेल तर तू साखळी तोडली नाहीस. मिळालं नसेल तर मला कोणावरच रागावता येत नाही, आणि ते जास्त वाईट आहे.

मी पोचले तोवर सहा झाडं आडवी होती. तुझा मुकादम मला बघून हसला.

"या, या! यादीवाल्या बाई आल्या. आता काम नीट होणार."

"वर अंडी आहेत. दोन आठवडे थांबा. नुसते दोन आठवडे!"

"बाई, बाजूला व्हा. पडताना झाड भाषण ऐकत नाही."

"मी इथून हलणार नाही."

"आमच्याकडे कागद आहे."

"कागद माझा आहे!"

"मग मिटलंच की. स्वतःच्याच कागदाशी कसल्या भांडता?"

टोळी हसली. तू हसला नाहीस. तू खिशातून यादीची घडी काढलीस आणि सावकाश वाचलंस, शाळेत मी उभं करून वाचायला लावायचे तसं. "सात नंबर. एल्म. घेर सहा हात. ढोली जमिनीपासून पंधरा हात. आत पूर्ण पोकळ." मग म्हणालास, "'पूर्ण'च्या खाली तू रेघ मारलीस, ताई."

तीन वर्षांनी तुझ्या तोंडून "ताई" ऐकलं, ते हे.

तू करवत चालू केलीस तेव्हा मादी बाहेर आली, थेट, तुझ्या टोपीवरून. आणि तू करवत बंद केलीस. मुकादम ओरडला, "काय रे, बहिणीला घाबरलास?" तू पायांना झाडावर चढायचे लोखंडी काटे बांधलेस आणि वर चढलास. ढोलीत हात घातलास, तसाच थांबलास. वरून म्हणालास, "आतून आवाज येतोय. अंड्यांतून." मग टोपीत अंडी घेऊन उतरलास. नऊ. पिवळट पांढरी, तुझ्या टोपीत, तिच्या पिसांसकट. गरम होती.

"घे. आता तूच बस यांच्यावर."

ते तू टोचून बोललास की खरंच म्हणालास, मी अजून ठरवते आहे.

मग सात नंबर पडलं. मी पाठ फिरवली नाही. बघितलं. आतला पोकळ भाग बाहेर आला तेव्हा तो कुजलेला नव्हता, तिखोन. कोरडा, गुळगुळीत, पन्नास पिढ्यांच्या पोटांनी घासून चकचकीत केलेला होता.

घरी आल्यावर मी अंडी तांबड्या कोंबडीखाली ठेवली. तीन दिवसांनी सात फुटली. कोंबडीला आधी कौतुक वाटलं, मग तिने त्यांच्या चोची पाहिल्या. त्या एवढ्याशा चोचींनाही टोकाला आकडा असतो. ती पार बिथरली. पिल्लं मेलेलं खात नाहीत. मी मासा बारीक चिरून दिला, त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. हलणारं हवं. सकाळभर नदीतले दगड उलटे करून मी अळ्या गोळा करते आणि ताटलीतलं पाणी बोटाने ढवळत बसते. दुसऱ्या दिवशी सातही टेबलावर चढली, काठावर उभी राहिली आणि खाली बघत राहिली. मी त्यांना खाली घेतलं, ती परत चढली. कळलं मला. ती हाकेची वाट बघत होती.

आज चार उरलीत. रात्री त्यांना ऊब पुरत नाही. मी त्यांना जाकिटात घेऊन बसते.

आता ते सांगते जे कधी लिहिलं नाही. एक्क्याण्णवच्या सभेत मी कडक शब्द वापरला असं लिहिलं होतं. शब्द नव्हता, वाक्य होतं. "ज्याच्या खांद्यावर करवत, तो सुआंका घराण्याचा नव्हे, आणि माझ्या बापाच्या चुलीवर त्याचा हक्क नाही." क्लब भरलेला होता. मी तुझ्याकडे बघत म्हटलं. वाक्य चांगलं झालंय हे मला बोलता बोलताच जाणवलं होतं, आणि म्हणून मी ते दुसऱ्यांदा म्हटलं. तू टोपी घातलीस आणि निघून गेलास. बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते.

अगाफ्या

२७ जून

तिखोन,

हे पत्र पोस्टाने येत नाहीये. बाबा घेऊन येताहेत. आधी पत्र वाच, मग त्यांना आत घे. किंवा आधी आत घे. उभं राहणं त्यांना जमत नाही हल्ली.

चारांतली तीन एका आठवड्यात गेली. कशाने ते कळलं नाही. सकाळी एकेक थंड निघायचं. शेवटचं उरलं ते सगळ्यात लहान, डाव्या गालावर पांढरा ठिपका असलेलं. ते माझ्या मागे घरभर धावायचं. पाण्याच्या टपात सोडलं की बुडी मारायचं, तळाशी जाऊन डोळे उघडे ठेवून बघायचं. कोणी शिकवलं त्याला? सगळं येत होतं त्याला. एकटं राहणं तेवढं येत नव्हतं.

दहा तारखेला बाबा दारात उभे राहिले. दोन महिन्यांनी माझ्याशी बोलले. "होडी काढतोय. पिल्लू घे."

बदकीण दुसरीचं पिल्लू आपल्यात घेते, हे तूही पाहिलंयस. एकीच्या मागे वीस-वीस असतात कधी. आपल्या काठावर या वर्षी एकही आई नव्हती, म्हणून वर जायचं. आम्ही दोन दिवस काठी रेटत वर गेलो, बाबा पुढे, मी मागे, पिल्लू माझ्या जाकिटात. पहिल्या दिवशी एकही पक्षी दिसला नाही. वरच्या दरीतली पिल्लं आधीच उतरून मोठ्या नदीकडे गेली असावीत. माझे डोळे मात्र काठावर फिरत राहिले. ढोलीच्या ओठावर अडकलेलं पीस मला आता लांबून दिसतं. न बघायचं ठरवलं तरी दिसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मोठ्या खडकाच्या वर, एक मादी. एकटी. तीही आपली अंडी गमावून आलेली असेल. संथ पाण्यात डोकं बुडवत होती. बाबांनी होडी काठीवर धरून ठेवली. मी पिल्लू पाण्यात सोडलं.

त्याने तिला बघितलं आणि ते धावत सुटलं. पोहलं नाही, पाण्यावरून धावलं, छाती वर काढून, ओरडत. ती बघत राहिली. खरंच बघत राहिली, मान वळवून. ते तिच्यापासून तीन हातांवर पोचलं, आणि ती उडाली. फार वर नाही, पाण्यालगत, वळणाकडे. ते तिच्या मागे धावलं. ती पुढे बसली. ते पोचलं. ती परत उडाली.

बाबा म्हणाले, "आता बोल, अगाफ्या."

"काय बोलू?"

"सगळा जिल्हा बोलावतेस. तिला बोलाव. थांब म्हणून सांग."

मी तोंड उघडलं. इतकी वर्षं मी त्या पक्ष्याबद्दल बोलले, त्याचा तुरा, त्याची चोच, त्याची अंडी, आणि त्याच्या आईची पिल्लाला मारायची हाक मला येत नव्हती. ती मी कधी ऐकलीच नव्हती. ढोल्या मोजत होते ना. घशातून खोकल्यासारखं काहीतरी निघालं. पिल्लू मागे वळलं आणि होडीकडे यायला लागलं. मादी वळणापलीकडे गेली.

परतताना पाऊस लागला. गाव दिसायच्या आत माझ्या जाकिटातच त्याचा जीव गेला. बाबांनी ते माझ्या हातातून घेतलं, पाण्यावर ठेवलं, आणि प्रवाहाने नेलं तिकडे न बघता काठी रेटत राहिले.

घरी कचेरीचं पत्र येऊन पडलं होतं. चष्मेवाले साहेब लिहितात: आपली सोइगूची यादी नमुनेदार होती. वरच्या दरीचीही तशीच करून पाठवावी, शिफारस करण्यात येईल.

मी उत्तर दिलं आहे. दोन ओळींचं. वरच्या दरीत जाऊन पाहणी केली. तिथे एकही पोकळ झाड नाही, सगळी भरीव व निरोगी आहेत. आयुष्यातलं हे माझं पहिलं लेखी खोटं, आणि अक्षर बघ, जराही हललेलं नाही. ते टिकेल की नाही मला माहीत नाही. ते तपासायला कोणाला तरी पाठवतील, आणि दांडा ठोकायला तुमच्याच टोळीला सांगतील. तेव्हा तो दांडा तुझ्या हातात असेल.

पत्र टाकून आले तेव्हा बाबा गाठोडं बांधत होते.

"कुठे निघालात?"

"तिखोनकडे."

"बाबा, तो झाडं तोडतो!"

"तोडतो. त्याची करवत लांबून ऐकू येते. पाखराला उडायला वेळ मिळतो."

एवढंच म्हणाले. मी बोलले, बरंच बोलले, तुला कल्पना आहेच. कचेरीला काय लिहिलं तेही सांगितलं. ते गाठोड्याची गाठ मारत राहिले. शेवटी म्हणाले, "मी तुला काही सांगितलं नव्हतं. त्या झाडांपाशी मी नुसता उभा होतो."

चहात त्यांना लिमोन्निकच्या वेलीचा तुकडा लागतो; गाठोड्यात आहे, पुरवून वापर. गुडघ्याला अस्वलाची चरबी, झोपताना. पहिला घास ते विस्तवाला देतील. तुझ्याकडे गॅसची शेगडी असेल तर तिच्यावर देतील, हसू नकोस. नदीबद्दल विचारू नकोस. माझ्याबद्दलही नको.

तीन वर्षं मी तुझ्या पत्राची वाट पाहिली. ग्लाफिरा सांगेल तुला किती. आता लिहू नकोस. क्षमा केलीस तरी लिहू नकोस, नाही केलीस तरी नको. वरच्या दरीबद्दल तुझ्या अक्षरात एक शब्दही कुठल्या कागदावर येता कामा नये, मला लिहिलेल्या पत्रातसुद्धा नाही. कोणी विचारलं तर बाबांबरोबर तू तिथे कधी गेलाच नाहीस. हे वाचून झालं की शेगडीत घाल. बाबांच्या समोर घाल, म्हणजे त्यांना दिसेल.

होडी धक्क्याला लागली आहे. ते माझ्याकडे न बघता तिच्यात बसले आहेत. मी जाऊन त्यांच्या हातात हे देते.

खाली सही करत नाही.